पायी फिरून समक्ष पाहिले

माझ्या नोकरीत माझ्यावर नाना आरोप झाले. कुणी म्हणालं तलाठी दुपारी झोपतो. कुणी म्हणालं मोसंबीच्या बागेत पंचनाम्याला गेला की पिशवी भरूनच परत येतो. या दोन्हींत थोडंफार तथ्य होतं, म्हणून मी कधी मनावर घेतलं नाही. पण सगळ्यात मोठा आरोप, ज्याच्यासाठी मला भोकरदनला तहसीलदारांपुढे उभं करण्यात आलं, म्हणजे बसवण्यात आलं, तो असा होता की मी चाललो. बागेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पायांनी, चाललो. ज्याचा डावा पाय मांडीपासून नाही आणि उजवा गुडघ्यात वाकत नाही, त्याच्यावर असा आरोप व्हावा, हा मान अख्ख्या मराठवाड्यात दुसऱ्या कुणा सरकारी नोकराला मिळाला असेल तर त्यानं मला येऊन भेटावं. चालत येऊ नये म्हणजे झालं.

पायाची गोष्ट आधी उरकून घेतो, नाहीतर वाचणाऱ्याचं लक्ष तिकडेच राहतं. ती मी तीन प्रकारे सांगतो. बसस्टँडवरच्या हॉटेलात सांगायची असेल तर वाळूवाल्यांचा डंपर मी नदीच्या पात्रात एकट्यानं अडवला, तो माझ्यावरून गेला, तरी मी नंबर लिहून घेतला, आणि पाय तुटलेल्या अवस्थेत पावती फाडली. ही गोष्ट एवढी चालली की एका स्थानिक पेपरात छापूनसुद्धा आली, आणि छापून आलेलं खोटं म्हणण्याचा उद्धटपणा माझ्यात नाही. सोयऱ्याधायऱ्यांत सांगायची असेल तर त्यात एक बिबट्या येतो. खरी गोष्ट फक्त माझी बायको, डॉक्टर आणि ती बाभळ यांना ठाऊक आहे. कापसाच्या नुकसानीची पाहणी करून मी परत येत होतो. चढावर मोटारसायकल लावली आणि बाभळीकडे तोंड करून ज्या कामाला उभा राहिलो ते काम सरकारी नव्हतं. माझ्या वरच्या अंगाला कापसानं भरलेली ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर चढत होता. पिन निसटली. ट्रॅक्टर वर गेला आणि ट्रॉली मागे माझ्याकडे आली. तिच्यात ना ड्रायव्हर, ना ब्रेक. जगात सगळ्यात हलकी म्हणून ज्या वस्तूची ख्याती, तिनंच माझे पाय घेतले. पुढे कितीतरी दिवस कार्यालयात खल चालला होता की अपघाताच्या क्षणी मी ड्यूटीवर होतो की नव्हतो. मी म्हणालो, एक पाय ड्यूटीवर होता, एक नव्हता. जो नव्हता तो गेला.

संभाजीनगरच्या दवाखान्यातून घरी आलो तेव्हा माझ्यासाठी टेबल तयार होतं. तहसीलमध्ये आवक-जावकचं टेबल, वर पंखा, बाजूला खिडकी. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, रजिस्टरला नंबर टाकायचा, पुढे ढकलायचा. जो भेटायला येई तो त्या टेबलाची तारीफ करी. माझे वरिष्ठ म्हणजे आमचे सर्कलसाहेब, त्यांनी तर ते टेबल हातानं पुसून दाखवलं.

"भाऊसाहेब, नशीब काढलं तुम्ही. आम्ही उन्हातान्हात मरून राह्यलो, तुम्ही पंख्याखाली."

"मंग तुम्हीच घ्या की साहेब."

"मला कोण देतंय? मला पाय आहेत."

हे ते मनापासून बोलले, म्हणून मी हसलो. पण त्या टेबलाला पुढून एक फळी होती, जमिनीपर्यंत. मी तिच्याकडे बराच वेळ पाहत बसलो. त्या फळीमागे बसलो की कमरेखालचा मी कुणालाच दिसणार नव्हतो. यायचा तो निवांत बोलेल, नजर कुठं ठेवावी हा प्रश्न त्याला पडणार नाही, साहेब लोकांना वाईट वाटणार नाही. टेबल माझ्या सोयीचं नव्हतं, त्यांच्या सोयीचं होतं. मी सांगितलं, सज्जा सोडणार नाही. सज्जा म्हणजे तलाठ्याच्या ताब्यातली गावं. माझी तीन होती, आणि तिन्ही गावांना जाणारे रस्ते असे की धडधाकट तलाठीसुद्धा बदलीसाठी नवस करायचे.

बायको म्हणाली, "टेबल घ्या की. टायमावर घरी तरी याल."

"मला शेतात जायचंय."

"शेतात न्हाई, गप्पा मारायला जायचंय तुम्हाला. टेबलावर कोण ऐकणार तुमचं? तिथं सगळ्यांना कामं असतात."

एवढं माझं मन ओळखणारी बाई असताना मला वेगळ्या डॉक्टरची गरज नव्हती.

तर मी सज्जावर हजर झालो. साइडला दोन चाकं लावलेली स्कूटर जिथवर जाईल तिथवर स्कूटर. तिथून पुढे कोतवालाची पाठ. सरकारनं मला एक रबरी पायही दिला होता, पण तो फरशीवर चालण्याच्या लायकीचा. आमच्या काळ्या रानात घातला की असा रुतायचा की पाय उपसायला एक माणूस आणि मला उपसायला दुसरा. एकदा तर बैलजोडी लावून काढला. एकच बैल होता असं कोतवाल म्हणतो, पण तो हिशेबात कच्चा आहे.

हा कोतवाल म्हणजे गावकामगार, महसूल खात्याचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात उंच माणूस. पन्नाशीचा, सव्वासहा फूट, पाठ अशी की तिच्यावर ग्रामपंचायतीचं ऑफिस भरावं. मी त्याच्या पाठीवर बसलो की आम्ही दोघं मिळून नऊ फुटांचा एक सरकारी नोकर व्हायचो. तुरीच्या रानात शिरलो की तो झाकून जायचा आणि माझं डोकं तेवढं तुरीच्या वरून सरकायचं. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, तलाठी पिकावरून तरंगत चाललाय. एका आजीबाईनं तर हात जोडले. आणि उंचावरून दिसतं किती. धुरे, म्हणजे शेतांचे बांध, दिसतात, कुणी कुणाच्या बांधात नांगर घातला ते दिसतं, हवा स्वच्छ असली तर जालन्याच्या स्टीलच्या भट्ट्यांचा धूर दिसतो, आणि त्या धुरावरून आज कोणत्या कारखान्याला सुट्टी आहे तेही मी सांगायचो. पाय असताना मला याच्या निम्मंही दिसत नव्हतं.

आता त्या पंचनाम्याकडे येतो.

माझ्या एका गावात मोसंबीची मोठी बाग आहे. बागेच्या पलीकडे दहा-पंधरा घरांची वस्ती. वस्तीतून गावात यायला बागेतून एक पायवाट होती. सगळ्यात जास्त ती वापरायच्या एक मावशी. रोज सकाळी डोक्यावर दुधाची कॅन घेऊन त्या डेअरीवर यायच्या. बागवाले तात्या म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, बोलायला गोड, तारेचं कुंपण घालायला त्याहून गोड. त्यांनी एका उन्हाळ्यात वाटेवर रोटाव्हेटर फिरवला, नवी झाडं लावली, ठिबकच्या नळ्या अंथरल्या आणि दोन्ही टोकांना तार ओढली. वर सांगायला लागले की इथं वाट नव्हतीच, वाट होती ती तिकडं ओढ्याकाठानं. मावशींना ओढ्याचा वळसा घालून जावं लागे, आणि तोवर डेअरीचं माप बंद झालेलं असे. त्यांनी तहसीलला अर्ज केला. अर्जावर तलाठ्यानं स्थळपाहणी करून पंचनामा द्यायचा होता.

गावनकाशात अशा वाटेला पायमार्ग म्हणतात. नकाशावर ती एकेरी तुटक रेघ असते. पण आमच्या नकाशाच्या घडीवर नेमकी तीच रेघ पुसली होती, म्हणून प्रश्न एकच उरला, की लोक चालत होते ते नेमकं कुठून. याला वहिवाट म्हणतात. मी कोतवालाच्या पाठीवर बसून बाग पालथी घातली, वस्तीतल्या चौघांचे जबाब घेतले आणि पंचनामा लिहिला की वाट बागेतूनच होती.

लिहिला म्हणजे उचलला. तलाठी पंचनामा लिहीत नसतो. मागच्या पंचनाम्याचा मायना समोर ठेवतो, गट नंबर बदलतो, नावं बदलतो, दिशा तपासून बदलतो आणि सही करतो. मी माझाच एक जुना पंचनामा उचलला, अपघाताच्या आधीचा. त्यात पहिलंच वाक्य होतं, "आम्ही सदर ठिकाणी पायी फिरून समक्ष पाहिले." वीस वर्षं हे वाक्य माझ्या हातातून आपोआप उतरत आलं होतं. तसंच उतरलं. माझा पाय गेला होता, पण माझ्या हाताला तसं कुणी कळवलं नव्हतं.

तात्यांच्या वकिलांनी ते बरोबर पकडलं.

सुनावणी तहसीलदारांपुढे झाली. तहसीलदार म्हणजे नव्यानं आलेल्या एक मॅडम, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या समोर मी, बाजूला तात्या आणि वकील, दारात कोतवाल.

वकील म्हणाले, "भाऊसाहेब, हे अक्षर आपलंच ना?"

"माझंच. तालुक्यात दुसऱ्या कुणाला असं जमत न्हाई."

"'पायी फिरून समक्ष पाहिले' असं लिहिलंय आपण."

"लिहिलंय."

"पायी म्हणजे कसं?"

"पायांनी."

"कुणाच्या?"

तात्या मिशीतल्या मिशीत हसून राह्यले होते. मी दाराकडे बोट केलं. "त्याच्या. पाय कुणाचे ते लिहायला मायन्यात जागा न्हाई, वकीलसाहेब. पण पाय होते. दोन होते. दोन्ही सरकारी होते."

मागच्या बाकावरचे लोक हसले. कोतवालानं आपल्या पायांकडे पाहिलं. मॅडम हसल्या नाहीत.

वकील म्हणाले, "म्हणजे पाय एकाचे, डोळे दुसऱ्याचे. असा पंचनामा कायद्यात बसतो का, मॅडम? हा माणूस रानात जाऊच शकत नाही. हा वाट आहे की नाही ते कसं सांगणार? चुकीचं लिहिलं, ते सरळ खोटंच लिहिलं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "एक मिनिट. भाऊसाहेब, मला गोष्टी नकोत. तुम्ही चुकीचं लिहिलं आहे, हे तुम्हाला मान्य आहे?"

"शब्द चुकला. वाट न्हाई चुकली."

"मग सोमवारी मी स्वतः येते. कोणाच्या पाठीवर न बसता त्या जागेवरून गेलात आणि वाट दाखवलीत, तर पंचनामा दुरुस्त करू आणि तुमचा सज्जा तुमच्याकडे राहील. नाही जमलं तर पाहणी दुसऱ्या तलाठ्याकडून करून घेईन आणि तुमचा टेबलाचा आदेश त्याच दिवशी काढीन. ही शिक्षा समजू नका. उद्या तुम्हाला काही झालं तर उत्तर मला द्यावं लागेल."

त्या वाईट बोलल्या नव्हत्या, आणि त्याचाच जास्त राग येतो. वाईट बोललेल्या माणसाला उलट बोलता येतं.

बाहेर आलो तर कोतवाल स्कूटरपाशी खाली मान घालून उभा.

"काय झालं रे?"

"माझ्या पायाला खोटं म्हणले ते."

"तुझ्या न्हाई. माझ्या."

"एकच झालं ना भाऊसाहेब."

सोमवारी सकाळी बागेवर अर्धं गाव आलं होतं. मी तर म्हणतो अर्धा तालुका होता, पण मॅडमच्या जीपला वळायला जागा मिळाली, म्हणजे अर्धं गावच असावं. तात्यांनी पाहुणचार ठेवला होता. आदल्या दिवशी त्यांनी सबंध वेळ ठिबक सोडून ठेवलं होतं, त्यामुळे नवीन झाडांमधली काळी माती शिऱ्यासारखी झाली होती. आणि कुंपणाच्या तोंडाशी त्यांनी लाल प्लास्टिकची एक खुर्ची मांडली होती. स्वच्छ पुसलेली.

"या भाऊसाहेब. बसा. उगं कशाला तरास करून घेऊन राह्यले? मॅडम फिरतील, तुम्ही इथून पाहा. सावली बी आहे."

"सावलीचं पाहू मागून, तात्या."

तात्या आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "न्हाई, मी काय म्हणतो, अर्जात मावशीनंच लिहिलंय ना, पायमार्ग. ज्याला पाय असतात त्याचा पायमार्ग."

दोन-तीन जण हसले आणि लगेच थांबले.

"बराबर बोलले," मी म्हणालो. "मंग मावशीला तर दोन पाय हायेत. तिला काहून अडवलं?"

आता सगळेच हसले. मी स्कूटरवरून खाली उतरलो. उतरलो म्हणजे कोतवालाचा खांदा धरून जमिनीवर बसलो. कमरेला गोणपाट बांधलं, बागेकडे पाठ केली, दोन्ही तळवे मागे टेकले आणि बुडानं सरकायला सुरुवात केली. पाठमोरा. वाकत नाही तो उजवा पाय माझ्या पुढे भाल्यासारखा सरळ, त्याची टाच तात्यांकडे रोखलेली. मला दुसरा मार्ग नव्हता, पण मनात ठरवलं असतं तरी याहून चांगली दिशा सापडली नसती.

खरं सांगतो, आणि मी ते क्वचित सांगतो, पहिल्या दहा-बारा हातांतच मला वाटलं की हे होणार नाही. चिखल मनगटापर्यंत. मागे पाहता येत नाही, दंड थरथरतात, शर्ट पाठीला चिकटलेला. मॅडम आणि वकील बाजूच्या ओळीतून माझ्यासोबत हळूहळू चालत होते, आणि दोघंही मला पाहायचं टाळत होते. ते टेबलाच्या पुढची फळी बरोबर घेऊन आल्यासारखे चालत होते. त्या फळीच्या रागानं मी पुढचे पाच हात गेलो. गेलो की थांबायचो, थांबलो की पुन्हा.

मग एका जागी माझा उजवा तळवा रुतला नाही.

चार बोटं चिखलात गेली आणि अडली. खाली कडक. मी डावा तळवा टेकला, तो मनगटापर्यंत गेला. थोडा उजवीकडे सरकलो. आता दोन्ही तळवे अडले. बुडाखालीही तेच, वर लोणी आणि खाली ओटा. अजून उजवीकडे गेलो तर पुन्हा सगळं मऊ. मी परत आलो. तो कडक पट्टा माझ्या दोन्ही हातांच्या पसाऱ्याएवढा रुंद होता, आणि तो मागे मागे जात होता.

रोटाव्हेटर वरची चार बोटं माती तेवढी भुगा करतो. त्याच्याखाली वस्तीतल्या माणसांनी आजा-पणज्यापासून डोक्यावर ओझी घेऊन टाचांनी जी जमीन बडवली, ती त्याला सुटली नव्हती. कोरड्या रानात हे कळलं नसतं, सगळंच कडक असतं. तात्यांनी पाणी सोडलं म्हणून मऊ ते मऊ झालं आणि वाट तेवढी उघडी पडली. बूट घातलेल्या माणसाला चार बोटांचा फरक कळला नसता. कोतवालाच्या पाठीवरून मलाही कळला नव्हता. तिथून मला जालन्याचा धूर दिसत होता आणि बुडाखालची वाट दिसत नव्हती.

मी बोलायचा थांबलो. मला ओळखणाऱ्यांनी यावरूनच ओळखायला पाहिजे होतं.

पुढचं सगळं अंतर मी हातांनी चाचपत गेलो. थोडं जायचं, दोन्ही बाजूंना तळवा दाबायचा, जिथं रुतेल तिथं कोतवालाला खुणेची काडी खोवायला लावायची. बागेच्या मध्यावर गेल्यावर तो पट्टा सुटला. सगळीकडे मऊ. डावीकडे पाहिलं, नाही. उजवीकडे दोन हात गेलो, तळवा अडला. वाट तिथं वळली होती. मीही वळलो.

मॅडमनी विचारलं, "सरळ का जात नाही तुम्ही? इथं तर मोकळं आहे."

"मी न्हाई वळलो मॅडम. वाट वळली."

"कशाला वळेल? इथं काहीच नाही."

ते त्यांचं बरोबर होतं. तिथं काहीच नव्हतं, मऊ माती आणि ठिबकची नळी. मी आणखी थोडा सरकलो, आणि पट्टा अर्धा गोल करून पुन्हा आपल्या जागी आला. तेवढ्यात पलीकडच्या तारेमागून आवाज आला. मावशी. त्यांना आत येऊ दिलं नव्हतं, आणि आम्ही काय बोलतोय ते तिथवर ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण माझा वळसा त्यांना दिसला होता.

"बराबर चाल्ले भाऊसाहेब. तिथं बोर होती. काटे लागायचे म्हून आम्ही बाजूनं जायचो. तात्यानं काढली ती मागल्या साली."

तात्यांची मिशी जागेवर बसली.

वकील हुशार माणूस. ते म्हणाले, "मॅडम, हातानं चाचपून कुणी काहीही सांगेल." मॅडमनी सॅंडल बाजूला काढून ठेवली, साडी सावरून उकिडव्या बसल्या आणि दोन काड्यांच्या मध्ये तळवा दाबला. मग काडीच्या बाहेर दाबला. बांगड्यांपर्यंत हात गेला. त्यांनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी नाइलाजानं खिशातलं पेन काढून काड्यांच्या मध्ये टोचलं. पेन अर्ध्यावर अडलं. बाहेर टोचलं तर ते टोपणासकट आत गेलं आणि कोतवालाला ते शोधून काढावं लागलं.

तात्या म्हणाले, "खाली दगड असंल एखांदा."

"मंग हा दगड कुंपणापासून निघालाय, बोरीला वळसा घालून वस्तीकडं चाललाय, तात्या. एवढा मोठा दगड. तुमच्या सातबाऱ्यावर नोंद घेऊन टाकू का?"

वस्तीकडच्या तारेला माझी पाठ लागली तेव्हा मावशी तारेतून हात घालून मला पाणी देत होत्या. पाणी आधी तोंडावर ओतलं, मग प्यायलो. तळव्यांची सालं निघाली होती. गोणपाटाचं काय झालं ते सभ्य माणसांत सांगण्यासारखं नाही. मी सांगतो की मी अडीच कोस सरकलो. टेप लावला तेव्हा अंतर बरंच कमी भरलं, पण टेप त्या दिवशी बसून गेला नव्हता.

पंचनामा जागेवरच दुरुस्त करायचा होता. कोतवालानं तात्यांची ती लाल खुर्ची उचलून आणली. मी खाली बसलेलो, म्हणून खुर्चीचं टेबल केलं. तिला पुढून फळी नव्हती. मी "पायी फिरून" या दोन शब्दांवर आडवी रेघ मारली, खाडाखोडीवर सही केली.

मॅडम म्हणाल्या, "लिहा, 'स्वतः जाऊन समक्ष पाहिले.' तेवढं पुरे."

"न्हाई मॅडम. पुन्हा कुणी विचारायला नको, कशानं गेला म्हणून." आणि मी माझ्या आयुष्यातला पहिला न उचललेला मायना लिहिला. "सदर वाटेने जमिनीवर बसून, पाठमोरे सरकत जाऊन, दोन्ही हातांनी वाट चाचपून समक्ष पाहिली." वाचून दाखवलं. तात्यांनी सही द्यायला नकार दिला, तर त्यांच्या नावापुढे "हजर, सहीस नकार" असं लिहिलं. मावशींनी अंगठा द्यायला हात पुढे केला. मी म्हणालो, तुम्हाला सही येते, सही करा. त्यांनी केली. अर्धं पान घेतलं त्या सहीनं.

मग मॅडमनी आपली फाइल उघडली. टेबलाच्या आदेशाचा टाइप केलेला कागद मला उलटा दिसत होता, फक्त सही राहिली होती. त्यांनी तो बाजूला काढला, दुमडून पर्समध्ये ठेवला आणि दुसऱ्या कोऱ्या कागदावर हातानं लिहायला लागल्या. मी मान तिरपी करून वाचलं. "सदर तलाठी हे क्षेत्रीय कामास सक्षम असून त्यांचा सज्जा त्यांच्याकडेच कायम ठेवण्यात येत आहे."

"मॅडम."

"बोला."

"'सक्षम'च्या आधी एक शब्द राहिला."

"कोणता?"

"'इतरांपेक्षा.'"

वकिलांना खोकला आला. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं, मला वरपासून खालपर्यंत, म्हणजे जिथं माझं खालचं संपतं तिथपर्यंत, त्या दिवसात पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, आता गप बसा."

बसलेलो तर होतोच. गप राहायचं मात्र काही जमलं नाही. तिथंच, तारेला टेकून, वस्तीतली पोरंसोरं आणि म्हातारी माणसं भोवती जमवून, मी त्यांना सांगायला लागलो की बागेच्या मध्यावर मला मातीत बिबट्याचा पंजा कसा लागला.